ढावलो कोणाला येतो?

मित्रांनो, चार पिढ्यांच्या एका जुन्या कादंबरीवरून मी वेबसिरीज लिहितोय. तिच्यात प्रत्येक पिढीतली लेक सासरी निघताना गळ्यात पडून रडत ढावलो गाते. तोच शिकायला आज दिग्दर्शक आणि नटीला घेऊन गोरेगाव नावाच्या खेड्याजवळच्या बंजारा तांड्यावर गेलो.

तरुण बायका हसल्या. "आमच्या लग्नात डीजे होता, भाऊ."

म्हाताऱ्या सोनाबाईंनी नटीला मिठी मारली, दोन ओळी गायल्या आणि थांबल्या. "पुढचं याद न्हाई येऊन राहिलं, बाबा." मग नुसत्याच रडत राहिल्या.

दिग्दर्शक खूश. "मस्त! आवाज नंतर टाकू."

कोणाचा टाकणार? तुमच्या ओळखीत आहे का कोणी?

सोनाबाईंनी पुसेगावकडच्या तांड्याचं नाव सांगितलं. सकाळी त्याच तांड्यानं आम्हाला सोनाबाईंकडे पाठवलं होतं.