उंदराचं मखर

ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या आमच्या चाळीत गणपतीत थर्माकोलच्या मखरांची साथ आली होती. घरोघरी तेच खांब, तेच मोर. मला त्या मोरांचा मनस्वी राग यायचा. त्यात बीएस्सीला गणित घेतलेलं, म्हणजे डोक्यात हवा शिरलेलीच. मी बाबांना बजावलं, "यंदा मखर विकत आणायचं नाही. मी करणार. नुसता कागद दुमडून."

"आणि नाही जमलं तर?"

"तर जन्मभर तुमचे मोर मुकाट्यानं बघेन."

कॉलेजच्या लायब्ररीतल्या एका पुस्तकात कागदाच्या घड्यांची नक्षी होती. षटकोनाला षटकोन लागून, मधे त्रिकोण, फरशीसारखी पसरत जाणारी. मूर्ती दोन फुटी, म्हणून मी मोजून तीन फुटी कागद घेतला. बारा दिवस दुमडत होते. जेवतानासुद्धा बोटं चपातीच्या घड्या घालायची.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी शेवटची घडी बसली. नक्षी झकास! फक्त मखर एक फुटाचं झालं होतं. बाप्पाच्या मागे धरलं तर अख्खं पोटाआड गेलं. मला रडूच आलं.

आई ब्लाउज शिवता शिवता म्हणाली, "चुण्या घालायच्या तर कापड तिप्पट लागतं गं."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू म्हणालीस ना, गणित आहे म्हणून."

तिनं उठून स्वतःचा लग्नातला शालू काढला, दोरीवर चुण्या घालून टांगला. दहा मिनिटांत मखर तयार. मी माझा कागद पलंगाखाली सरकवला.

सकाळी बघते तर तो बाप्पाच्या पायाशी, उंदरामागे उभा. अगदी मापात. बाबा शेजारी उदबत्ती लावत होते, मोरांबद्दल चकार शब्द नाही.

समोरच्या काकू दर्शनाला आल्या. "अगंबाई, उंदराला वेगळं मखर?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा गंभीरपणे म्हणाले, "आमच्याकडे पद्धत आहे."

काकूंनी बाप्पाच्या आधी उंदराला हात जोडले.

पुढच्या वर्षी आम्ही काकूंकडे गेलो. त्यांच्या उंदरामागे थर्माकोलचं इवलंसं मखर होतं, दोन मोरांसकट. "म्हटलं, पद्धत आहे तर आपल्याकडे राहून जायला नको," काकू म्हणाल्या.

बाबांनी मान डोलावली. मी मोर मुकाट्यानं बघितले.