विमान लागलं

एखादी गोष्ट करावी की नाही असा प्रश्न पडला, की आमचे शेजारी कॅप्टन पहिलं बोट जिभेला लावायचे आणि हवेत उभं धरायचे. मग डोळे बारीक करून स्वतःलाच विचारायचे, "वारा कुठला?" रस्ता ओलांडायचा असो, छत्री उघडायची असो, की माझ्या हातचा उपमा दुसऱ्यांदा घ्यायचा असो. उपम्याच्या वेळी वारा नेहमी उलटा असायचा.

मुलांनो, तुम्ही त्यांना पाहिलं आहे. बोईसरच्या आपल्या सोसायटीत, लिफ्टमध्ये बोट वर करून उभे असलेले ते उंच गृहस्थ. तुम्ही माझ्या कानात विचारलं होतं, "आजी, या आजोबांना शू लागली आहे का?" तुमच्या शाळेत बोट वर करण्याचा तोच अर्थ असावा. तुमचा प्रश्न मी तेव्हा हसण्यावारी नेला. पुढे तो किती योग्य ठरला ते सांगते, पण क्रमाने.

कॅप्टन मूळचे नवापूरचे, मासेमारीच्या घरातले. त्या किनाऱ्यावरून विमान चालवायला गेलेला पहिला माणूस. पुढे सरकारी विमानखात्यात ते थेट वरच्या खुर्चीपर्यंत पोचले. सोसायटीत मात्र ते नुसते सेक्रेटरी. तेही असे, की सभेत "सेक्रेटरी कोण होणार?" असं विचारलं, त्याच क्षणी पंख्याचा वारा कुठून येतो हे पाहायला यांनी बोट वर केलं. बिनविरोध निवडून आले. मग पाण्याचा टँकर फाटकातून आत घ्यायचा, तर हे दोन्ही हात हलवत, उलटे चालत त्याला आणायचे.

"साब, टँकर है, हवाई जहाज नहीं," वॉचमन म्हणायचा.

"बड़ी चीज़ किनारे आती है तो सामने कोई खड़ा होना मंगता है," हे त्यावरचं उत्तर.

एकदा म्हणे एका मंत्र्यांना न्यायचं होतं. यांनी बोट वर केलं, समोरची यंत्रं पाहिली आणि सांगितलं, "साहेब, वारा नाही म्हणतोय." मंत्री चिडून मोटारीने गेले. ते गावाबाहेर पडतात न पडतात तोच आकाश असं लख्ख झालं की पतंग उडवावेत. कॅप्टनांची रवानगी कुठल्याशा लांबच्या कचेरीत झाली. "वाऱ्याने शब्द फिरवला, त्याला मी काय करणार?" असं सांगताना ते अजूनही खुशीत दिसायचे.

पण त्यांचा आवडता किस्सा पहिल्या उड्डाणाचा. नवापूरला होडी किनाऱ्याला आली की "होडी लागली" म्हणतात. कॅप्टन म्हणून पहिल्यांदा विमान उतरवलं, आणि आनंदाच्या भरात यांनी माइकवर जाहीर केलं, "मंडळी, विमान लागलं!" आता आपण गाडी लागली, बोट लागली म्हणतो ते ओकारी आल्यावर. हवाईसुंदरी कागदी पिशव्या घेऊन धावली. मागून एक आजोबा ओरडले, "अहो, आम्हाला नाही लागलं, पायलटलाच लागलंय!" पुढे खात्याचे प्रमुख झाल्यावरही नव्या वैमानिकांना ते सांगत, "विमान उतरवायचं नसतं, लावायचं असतं."

या सगळ्या थोरवीचा एका व्यक्तीवर काडीचाही परिणाम झाला नव्हता. ती म्हणजे त्यांची थोरली बहीण. नवापुरात सगळे तिला बाय म्हणतात. वडील होडी घेऊन गेले ते परतले नाहीत, तेव्हापासून बायने सुके बोंबील विकून या भावाला वाढवलं. बोईसरच्या बाजारात ती ओळख करून द्यायची, "माझा भाव डायवर हाय, वरच्या रस्त्याचा." पण त्याच्या विमानात ती कधी बसली नाही. "ज्याच्या खाली पानी नाय त्यात मी बसाची नाय," हा तिचा कायदा.

निवृत्तीनंतरही कॅप्टन अधूनमधून क्लबचं लहान विमान चालवायचे. गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली. डॉक्टरांनी सांगितलं, पुढच्या तपासणीत विमान चालवायची परवानगी मिळणार नाही. त्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि चक्क दुसऱ्यांदा उपमा घेतला. मी ओळखलं, काम अवघड आहे.

"मॅडम, लोकांना एवढं फिरवलं. बायला एकदा त्या लहान विमानातून न्यायचंय. तुम्ही शिकलेल्या. तुमचं ऐकेल."

मी नवापूरला जाऊन विमानप्रवासाच्या सुरक्षिततेवर मुद्देसूद बोलले. बाय बोंबील निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मास्तरीण, तुमी कवा बसल्याव याच्या लहान इमानात?"

"नाही अजून."

"मंग तुमी बसा. तुमी बसाल तं मी बसन."

माझे मुद्दे संपले.

अशा रीतीने राज्याच्या हद्दीपलीकडच्या एका लहान धावपट्टीवर आम्ही तिघं पोचलो. बायने विमानापुढे नारळ फोडला, नव्या होडीपुढे फोडतात तसा. मग कॅप्टनांनी बोट वर केलं. बायनेही केलं. दोघांची ढब एकच.

"निघू," भाऊ म्हणाला.

"थांब," बहीण म्हणाली.

वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी काठीवर मेल्यासारखी लोंबत होती. पण मंत्र्याला न घाबरलेला माणूस निमूट बाकावर जाऊन बसला. ती आता नाही म्हणाली तर पुन्हा संधी नव्हती. बाय शेडमागे फेरी मारून आली. "चल आता."

वर गेल्यावर त्यांनी विचारलं, "बाय, मगाशी वारा कुठला लागला तुला?"

"वारा कसला रं? मला लघवीला लागली होती."

कॅप्टन इतके हसले की विमानही हललं असं मला वाटलं.

बायला तिचं घर वरून पाहायचं होतं. "तारापूरच्या अणुभट्टीपायी आपल्या घरावरून जायला बंदी हाय," ते म्हणाले. "एवढा सायेब, आन् घरावरून जायाला बंदी!" ती पुटपुटली. मग समोर समुद्र आला. बाय काचेला नाक लावून बघत राहिली.

"एवढासा हाय?" ती हळूच म्हणाली. "आन् एवढ्याशात बाबा गावला नाय?"

 कॅप्टनांनी विमान एकदा त्या पाण्यावरून सावकाश गोल फिरवलं. बाय खाली बघत होती, तेही बघत होते. मग आम्ही वळलो.

चाकं टेकली तेव्हा ते मागे वळून म्हणाले, "बाय, विमान लागलं."

"तुझं लागलं," बाय म्हणाली, "पन मास्तरनीलाबी लागलंय. पिशवी हाय का?"

पुढची तपासणी डॉक्टर म्हणाले तशीच झाली. शेजारच्या दाराला आता कुलूप आहे, आणि टँकर सरळ आत येतो. परवा मी नवापूरला गेले, तर ओहोटीच्या ओल्या वाळूत उभं राहून कॅप्टन दोन्ही हात हलवत होडी आत घेत होते. होडीवाले त्यांच्याकडे न बघता, रोजच्या जागी, अगदी व्यवस्थित येत होते.

"कधीपासून चाललंय?" मी बायला विचारलं.

"रोज," बोंबील पालटत ती म्हणाली. "करू दे. डायवर लागला एकदाचा किनाऱ्याला."