घाव आणि काळजाच्या मधली गाठ

नर्सिंगच्या ट्रेनिंगसाठी नागपूरहून बोलावणं आलं आणि त्याच आठवड्यात माझ्या मानेवर, केसांच्या मुळाशी, बोराएवढ्या तीन गाठी आल्या. आत्यानं बोट लावून पाहिलं आणि निकाल दिला, "गंडमाळ हाये, गाठीचा क्षय. असी पोरगी कोण ठेवून घेईन?" बाबांनी बोलावण्याचा कागद घडी करून ट्रंकेत ठेवला. महिन्याभरात हजर व्हायचं होतं. आमच्या वारासिवनीकडच्या गावातून शिकायला बाहेर पडणारी मी पहिली मुलगी, आणि घोडं अडलं ते तीन बोरांवर. मला रडू आलं नाही, राग आला.

माय अंगठेबहाद्दर, पण जन्म धानाच्या रोवणीत, चिखलात रोपं लावण्यात गेलेला. पायाला धसकट लागून चिघळलं की जांघेत अवधान येतं, गाठ सुजते, हे रोवणीच्या बायांना पाठ असतं. जांघ दुखली की त्या आधी तळपाय पाहतात. ती बाबांना म्हणाली, "अजी, गाठ घाव आन काळजाच्या मधात बसते. मानेत गाठ हाये, तं घाव डोक्यात पाहा."

तिनं माझे कंबरेपर्यंतचे केस उन्हात मोकळे केले. आत उवा, आणि खाजवून खाजवून चिघळलेल्या खपल्या. काखेत कळसा नि गावाला वळसा! शरमेनं माझी मान वर होईना.

"कापू काय?" तिनं विचारलं.

त्या केसांचा मला केवढा तोरा होता. तरी म्हटलं, "हौ, काप."

रोज कडुनिंबाच्या पाण्यानं डोकं धुतलं. खपल्या गेल्या, मागोमाग गाठी जिरू लागल्या. बाबा सकाळी मानेवर बोट फिरवत. एके दिवशी बोटाला काहीच लागलं नाही आणि ते ट्रंक उघडायला उठले.

नागपूरला शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर लसिकाग्रंथी काढली. घेवड्याच्या दाण्यासारखी, आत चाळणीगत जाळी. हातापायांतून, डोक्यातून काळजाकडे परतणाऱ्या लसिकेतले जंतू तिथं अडतात, पांढऱ्या पेशी जमून त्यांच्याशी लढतात, म्हणून ती सुजते. "मग ही काखेत, जांघेत, मानेतच दाटीनं का असते?" त्यांनी विचारलं. मी बोडकं डोकं घेऊन उभी राहिले आणि मायचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

"कुठल्या पुस्तकात वाचलंस?"

"मायनं सांगितलं. ती रोवणी करते."

बाईंनी खडू उचलला आणि ते वाक्य फळ्यावर लिहिलं. माझी माय कागदावर अंगठा उठवायची, आणि तिचं वाक्य वर्गातल्या सगळ्या मुली वहीत उतरवून घेत होत्या.