बुटाची राख

त्या दुपारी जयराजचे बूट जाळायला माझीच भट्टी लागली. उभा जन्म सोन्याच्या गलाईत घालवून मी विट्याला परतलोय आणि भट्टी अजून परसात आहे, म्हणून नानासोनं पोराला बंगळूरहून थेट माझ्या दारात आणलं.

नानासो म्हणजे जयराजचा मामा आणि मालकही. मिसरूड फुटायच्या आत पोर त्याच्या दुकानात सोनं गाळायला गेलं. हात स्थिर, बोलणं कमी. गलाईत धूळसुद्धा सोन्याची असते. आम्ही केर टाकत नाही, पाय धुतलेलं पाणीही साठवतो. अशा दुकानात खुंटीवरच्या जयराजच्या पिशवीत नानासोला बूट सापडले. तळव्याला मऊ, लवदार कातडं आणि सोबत तारेचा बारका ब्रश. गलाईवाल्याला आणखी काय सांगायला हवं? दिवसभर तळव्याला धूळ चिकटवायची, खोलीवर जाऊन झाडून घ्यायची. खरं सांगतो, क्षणभर मीही तेच समजलो.

"नाचायचं बूट हायत," जयराज म्हणाला. "बचाटा म्हणत्यात."

सोनं पोचवून परतताना एका हॉटेलच्या जिन्यात त्यानं या नाचाचा बँड ऐकला होता. गिटार, बोंगो आणि पत्र्याची नळी काट्यानं खरवडत ताल धरणारा एक माणूस. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी तो तिथे नाचायला जायचा. तीन पावलं बाजूला, चौथ्याला कमरेचा हलका झटका. पाय घसरावा म्हणून तळवा मऊ. लव दबली की ब्रश मारायचा. त्यानं मोबाइलवर नाच दाखवला. एक बाई त्याच्या खांद्यावर हात ठेवून नाचत होती आणि आमचं हे मुखदुर्बळ पोर चक्क हसत होतं.

त्याची आई भामाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला.

"बायकांसंगं रं?"

"व्हय, आई."

"नाचत असशील," नानासो म्हणाला. "पर चोरत न्हाईस कशावरनं?"

देशभरचे गलाईवाले आमच्याच भागातले; विट्यात एकदा नाव गेलं, की देशातल्या कुठल्याच गलाईवाल्यानं त्याला दारात उभं केलं नसतं. दुसरं काम त्याला येत नव्हतं. जयराजनं बूट माझ्यापुढे ठेवले.

"जाळा, तात्या. राख गाळून बघा."

मला त्याचा रागच आला. पिशवी त्याच दुकानात टांगलेली असायची, बुटांवर धूळ बसणारच, हे या शहाण्याच्या ध्यानात कसं आलं नाही? पण त्याच्या तोंडातून शब्द गेला होता. कातडं जळताना घाण वास सुटला. राख मुशीत घातली, मळ सुटायला टाकणखार टाकला, भाता मारला. मूस ओतली, गार झाल्यावर ठोकून पाहिलं. खसखशीएवढा पिवळा कण निघाला.

"बघा," नानासो म्हणाला.

जयराजचा चेहरा पांढराफटक पडला. "आईशप्पत, मामा, दुकानात ते कवाच घातलं न्हाईत."

भामाबाई रडायला लागली आणि माझं डोकं सणकलं.

"नानासो, तुझं पायताण काढ."

"माझं कशाला?"

"काढ म्हणतो न्हवं."

बहिणीसमोर त्याला नाही म्हणता येईना. त्याचं पायताण जाळलं, राख तशीच गाळली. काही निघालं नाही तर पोर कायमचं बुडालं. कण निघाला. मोहरीएवढा.

"आता सांग," मी म्हणालो, "तू कुणाचं चोरलंस?"

नानासोची मान खाली गेली. त्यानं दोन्ही कण कागदावर घेऊन भाच्यापुढे धरले. "ठेव. नवं बूट घे."

जयराजनं कागदाची पुडी बांधली आणि मामाच्या मुठीत परत दिली.

"दुकानाचा माल हाय, मामा. बूट तेवढं माझं व्हतं."

मामाचं पायताण जळालं म्हणून आपल्या चपला त्याच्यापुढे सरकवून तो अनवाणीच बाहेर पडला. रस्ता तापलेला होता. मला त्याचा अभिमान वाटला आणि फार वाईटही वाटलं. भामाबाई लगबगीनं त्याच्या मागे गेली. फाटकाशी तिनं त्याचा दंड धरला.

"आता रविवारी काय घालून नाचणार रं?"