मोहाच्या फांदीवरची परीक्षा

“शिकून राह्यलो ना, बाबू!”

भात करपला तरी हेच. मोटारसायकल नाल्यात घातली, तर चिखलातून उठतानाही हेच. तुमच्याही ऑफिसात असेल असा एखादा, पण आमचे वनरक्षक भाऊ म्हणजे वल्लीच हो! निवृत्ती वर्षावर आलेली आणि गडी अजून शिकतोच आहे.

आरमोरीकडच्या जंगलातल्या वनखात्याच्या ऑफिसात मी लिपिक, म्हणजे त्यांचा बाबू. भाऊंना हौस एकच: जाण्याआधी खांद्यावर वनपालाचे स्टार लागावेत. नेमका तेव्हाच वरून हुकूम आला. मोबाईलवर प्रशिक्षण घ्या, परीक्षा पास व्हा, मगच बढती.

आता बोला! आमच्याकडे रेंज यायची ती फक्त ऑफिसमागच्या मोहाच्या झाडावर. आम्ही सगळे फोन पिशवीत घालून दोरीने फांदीवर चढवायचो आणि खाली चहा प्यायचो. एरवीच्या प्रशिक्षणाचा व्हिडिओ वर आपला आपण चालायचा. पण बढतीच्या या कोर्सात मध्येच प्रश्न यायचा, उत्तर दिल्याशिवाय गाडी पुढे सरकायची नाही. झालं! भाऊ स्वतःच झाडावर चढले.

खाली मोहफुलं वेचणाऱ्या बाया खिदळायच्या. “भाऊ, अस्वल मांगं लागलं का जी?”

“नाई बाई, परीक्षा लागली!”

परीक्षेच्या दिवशी साहेब अचानक दौऱ्यावर आले. “कुठे आहे हा माणूस?”

फांद्यांतून आवाज आला, “वर आहो साहेब! हलू नका, रेंज जाते!”

साहेब खरंच हलले नाहीत. भाऊ पास झाले, उतरताना पँट तेवढी फाटली.

बढतीचा आदेश आला आणि त्याच आठवड्यात भाऊंना लकवा मारला. उजवी बाजू गेली. निवृत्तीआधी रुजू झाले नाहीत तर स्टार कायमचे हुकणार होते. मला तर रडूच कोसळलं. गडचिरोलीच्या दवाखान्यात भेटायला गेलो, तर हे डाव्या हाताने शर्टाचं बटण लावत बसलेले. मी काही विचारायच्या आधीच अडखळत म्हणाले, “शि... शिकून राह्यलो.”

नोकरीच्या शेवटच्या महिन्यात ते रुजू व्हायला आले. लेकीच्या आधाराने, पण खांद्यावर स्टार लावून. साहेबांपुढे उभं राहून त्यांनी उजवा हात उचलला. तो छातीपर्यंतच पोचला. साहेब खुर्चीतून उठले आणि त्यांनीच कडक सॅल्यूट ठोकला.

गेल्या पावसाळ्यात भाऊ गेले. आता टॉवर झालाय, कोर्स खुर्चीत बसून होतात. परवा एका कोर्सात मी अडकलो, तर नवे साहेब म्हणाले, “काय बाबू, जमत नाही का?”

मागच्या मोहाकडे नजर गेली आणि तोंडातून आपसूक निघालं, “शिकून राह्यलो ना, साहेब.”