चिंचेच्या कोळातला शंख

हे मी यजमानांना सांगितलं नाही, पोटच्या पोरींना नाही, देवापुढं एकटी बसले तरी कधी तोंडातून काढलं नाही. तुम्हाला सांगते आहे. का, ते विचारू नका. मलाच ठाऊक असतं तर एवढी वर्षं गप्प राहिले असते का?

शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. आमचे हे सोलापुरात हायस्कुलात शास्त्र शिकवत. त्यांनी घरीच अक्षरं गिरवून घेतली, आणि पुढं एक दिवस भिंग हातात दिलं. समुद्र इथून कुठल्या कुठं, आणि ह्यांना वेड शंखांचं. तेही केवढे, तर जोंधळ्याच्या दाण्याएवढे. आतला जीव कधीच मेलेला, उरलेलं नुसतं घर. त्या घरावरून ओळखायचं की हा कोण—वेढे किती, तोंड कसं, अंगावर रेषा आहेत का गुळगुळीत आहे. हे मोजायचे, मी चित्र काढायची. माझा हात चांगला होता. आजही मी ते नाकारणार नाही.

शंख आणून द्यायचे राजय्या मास्तर. ह्यांच्याच शाळेत गणित शिकवायचे. पद्मशाली घरचे, भाऊ, चुलते, सगळे मागावर बसणारे, मास्तर झालेले हे एकटेच. सुट्टीत रत्नागिरीला जाऊन वाळू चाळायचे आणि पुरचुंडी माझ्याच हातात द्यायचे. म्हणायचे, "आधी तुम्ही बघा वहिनी, साहेबांना काय, उरलेसुरले चालतात."

तीस साली सोलापुरात इंग्रजांचा लष्करी कायदा लागला, त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. पुरचुंडीत दोन शंख एकासारखे एक निघाले, दोन्हींवर चुन्याचा खरपुडा घट्ट चढलेला. मास्तर पुरचुंडी देऊन लगेच बायकोला आणायला तेलंगणात सासुरवाडीला गेले. साफसफाई माझ्याकडं असायची—कोमट पाणी आणि मऊ कुंचला. पण त्या दिवशी पूजेची तांब्याची भांडी चिंचेच्या कोळात भिजत घातली होती. मला वाटलं, तांब्याचा डाग निघतो, तर ह्याचा का निघू नये? त्यातला एक टाकला कोळात, आणि विसरले.

सकाळी काढला तर खरपुडा गेलेला. खाली अंग गुळगुळीत, जरा निस्तेज. मी खोबरेल तेलाचं बोट फिरवलं, चकाकला. ह्यांनी भिंगाखाली धरला आणि पुस्तकातल्या एकेका चित्राशी ताडून पाहिला. ह्या जातकुळीतल्या सगळ्या शंखांच्या अंगावर रेषा, आणि ह्याच्या अंगावर एक नाही. म्हणजे नवा. आजवर कुणी न पाहिलेला. ह्यांनी त्याचं वर्णन लिहिलं, मी चित्र काढलं, आणि नाव ठेवलं ते माझं—गोदाए. गोदेचं लॅटिनमध्ये तसं होतं म्हणे. छापून येईस्तोवर ह्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. छापील पान हातात आलं तेव्हा मी माझ्या नावावरून बोट फिरवत बसले होते. ज्या बाईचं नाव वाण्याच्या दुकानातसुद्धा कुणी घेत नाही—"शास्त्राच्या मास्तरांची बायको" म्हणतात—तिचं नाव छापलेलं.

इथवर चूक आहे. चूक कुणाच्याही हातून होते. इथंच थांबले असते तर ही गोष्ट मी तुम्हाला हसत सांगितली असती.

मास्तरांनी ते पान पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाले, "हा गुळगुळीत नव्हता हो. मी किनाऱ्यावर थुंकी लावून एका कडेला घासून पाहिला होता. उभ्या रेषा होत्या. हा आपला जुनाच." ह्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. मास्तर शांतपणे म्हणाले, "दुसरा आहे की डबीत. तो साफ करून बघू."

"रविवारी सगळ्यांसमोर बघू," हे म्हणाले, आणि मला म्हणाले, "साफ करून ठेव."

दुपारी घरात कुणी नव्हतं. मी कोमट पाणी घेतलं, कुंचला घेतला. हळूहळू खरपुडा सुटला आणि खाली रेषा दिसल्या—बारीक, उभ्या, फणीच्या दातांसारख्या एकसारख्या. सुंदर होत्या. मास्तर खरं बोलत होते. तो शंख मी तळहातावर घेऊन बसले. किती वेळ, कोण जाणे.

मग उठले आणि चिंच भिजत घातली.

दाट कोळ काढला, गरम केला. शंख टाकायची, काढायची, भिंगाखाली बघायची—पहिल्याइतकाच झिजायला हवा होता ना, जास्त नाही, कमी नाही. मी आयुष्यात एवढं निगुतीनं काम कधी केलं नाही. शेवटी तेलाचं बोट.

रविवारी ह्यांच्या शाळेतली पाचसहा मंडळी आमच्याकडं जमली. मास्तरांनी भिंग डोळ्याला लावलं, शंख फिरवून फिरवून पाहिला. म्हणाले, "होत्या. मी पाहिल्या होत्या." तेव्हा हे म्हणाले, "मास्तर, जन्मभर सूत बघणाऱ्या घरातले डोळे. शंखावरही धागे दिसायचेच."

सगळे हसले. मी चहा गाळत होते. मीही हसले.

ते वाक्य शाळेत पोचायला काय वेळ लागतो? पोरं फळ्यावर मागाची चित्रं काढायला लागली. मंडळींत ठरून गेलं की साळ्याच्या पोराला दुसऱ्याचं नाव छापलेलं सोसलं नाही, म्हणून खोटं बोलला. वर्ष सरायच्या आत मास्तरांनी नोकरी सोडली आणि भावाच्या मागावर जाऊन बसले. शंखांना पुन्हा हात लावला नाही. मंगळवार बाजारात भेटले तर "बऱ्या आहात ना वहिनी" म्हणायचे. त्यांना कळलं होतं का? मी त्यांच्या डोळ्यांत कधी नीट पाहिलंच नाही.

गेल्या साली मास्तर गेले. मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं, अंबुबाईनं, मला आत नेलं. तिचं मराठी आजही मोडकंतोडकं. म्हणाली, "वैनी, लई दिवस इचारीन म्हन्ते. आमचे हे तुमच्याशी तवा खोटं का बोल्ले? मी त्यास्नी कितींदा इचारलं. होत्या, एवढंच म्हनायचे. तुमी त्यास्नी माफ केलं न्हवं?"

जन्मभर एका ताटात जेवलेली बाई. तिचाही विश्वास नव्हता.

मी म्हटलं, "केव्हाच केलं. आम्ही मनात काही ठेवलेलं नाही."

तिनं माझे दोन्ही हात धरले आणि डोळ्यांना लावले.