दहा मिनिटं पुढचं घड्याळ

बाळ जन्मलं की शकुंतला सिस्टर आधी वेळ सांगायच्या, मुलगा की मुलगी ते नंतर. जुन्या जालन्यात हातगाडीवर घेतलेलं काळं, आकड्यांचं प्लास्टिकचं घड्याळ त्यांच्या मनगटावर असे. दवाखान्यातलं भिंतीवरचं घड्याळ कायम बंद, त्यामुळे आमच्या निम्म्या गावाच्या पत्रिका या स्वस्त घड्याळावर बेतलेल्या. "काटे खोटं बोलतेत ताई, आकडे न्हाई," असं त्या ठणकावायच्या.

दर रविवारी रेडिओच्या बातम्यांना त्या घड्याळ सेकंदाला सेकंद मिळवायच्या आणि मग स्वतःच्याच हातानं दहा मिनिटं पुढं करायच्या! का, तर भोकरदनची एसटी चुकू नये. "घड्याळ बिलकुल बराबर हाय, फकस्त दहा मिनिटं पुढं हाय." यातलं बराबर काय, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

माझ्या मुलीचं, वैशालीचं लग्न ठरत आलं तेव्हा मात्र ते कळणं भाग पडलं. मुलगा तिला मनापासून आवडलेला, पण पत्रिकेत एकनाडी निघाली आणि मुलाची आई अडून बसली. गुरुजी म्हणाले, जन्म दहा मिनिटं आधीचा असेल तर नक्षत्र बदलतं, नाडी सुटते. आता सिस्टरांनी सांगितलेली वेळ घड्याळातली, की दहा मिनिटं वजा केलेली? आमचे हे सकाळी एक म्हणत, संध्याकाळी दुसरं. शेवटी मी निवृत्त सिस्टरांचं घर गाठलं.

"वजा तर मी करायचेच," त्या म्हणाल्या. मग अडखळल्या. "पण ताई, तुमची पोरगी आल्ती तशी रडलीच न्हाई. काळीनिळी पडल्ती. मी नुसती पाठ चोळीत राह्यले. तिनं टाहो फोडला, मंग घड्याळ बघितलं. मधी किती वेळ गेल्ता, कुणाला ठावं?" त्यांनी माझा हात धरला. "जन्म कवाचा धरायचा? आल्ती तवाचा, का रडली तवाचा?"

त्या वेळी मी ग्लानीत होते. हे मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. मला रडू फुटलं.

मुलाच्या आईला मी खरं तेच सांगितलं, की पोरगी जन्मताच रडली नव्हती, त्यामुळे नेमकी वेळ आम्हालाच ठाऊक नाही. "मंग ही वाचली कशी हो?" म्हणत त्यांनी वैशालीला जवळ बसवून घेतलं. पत्रिकेचा विषय पुन्हा निघाला नाही. लग्न झालं.

सिस्टर मात्र हयात असेपर्यंत भेटतील तिथं काळजीनं विचारायच्या, "मंग ताई, कोणती धरली?" मला अजूनही सांगता येत नाही.